कुर्डीचं दप्तर कुर्डीकरांच्या हाती द्या

प्रति,
जलस्रोत खाते, पुराभिलेख खाते, पुरातत्त्व खाते आणि पर्यटन खाते,
गोवा सरकार.

विषय: साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या कुर्डी गावाच्या नोंदी

महोदय, महोदया,

स.न.वि.वि.

मी मडगावचा. माझ्या घरच्या नळाला साळावलीचं पाणी येतं. सांगे तालुक्यात अडवलेलं हे पाणी शेळपेला शुद्ध होतं आणि सासष्टी, मुरगाव, केपे, सांगे असं दक्षिण गोव्यातल्या बहुतेक घरांत पोचतं. ज्यांच्या जमिनीवर ते साठतं त्या माणसांच्या वतीने बोलण्याचा अधिकार मला नाही. पण ज्याच्या घरी ते पाणी येतं त्याच्या नात्याने आपल्याकडे एक मागणी करण्याचा अधिकार नक्की आहे. म्हणून हे पत्र.

एप्रिल सरत आला की साळावलीच्या जलाशयाचं पाणी उतरू लागतं आणि मे महिन्यात कुर्डी वर येते. चिऱ्यांच्या भिंतींचे खालचे थर दिसतात, विहिरींची कडी दिसतात. माडांचे काळे पडलेले खुंट, शेतांच्या मेरा (हद्दीचे बांध), पाण्याचे पाट आणि गावातून जाणारा रस्ता उघडा पडतो. सोमेश्वराचं देऊळ अजून उभं आहे. पाऊस लागला की काही आठवड्यांत सगळं पुन्हा पाण्याखाली जातं. त्या थोड्या दिवसांत तिथे दोन तऱ्हेची माणसं येतात. एक ज्यांचं ते गाव आहे ती, आणि दुसरी माझ्यासारखी, पाहायला येणारी. अलीकडे पाहायला येणारे खूप वाढले आहेत. त्यांची सोय कशी करावी याची चर्चा अधूनमधून होत असते. माझं म्हणणं पहिल्या माणसांबद्दल आहे.

कुर्डी लहानसं, कोपऱ्यातलं खेडं नव्हतं. सह्याद्रीच्या पायथ्याशी, डोंगरांच्या मधल्या सखल भागात, साळावली नदीच्या काठावर वसलेला तो भरला गाव होता. भातशेती होती, माड, काजू, फणस, आंबे होते. हिंदू, ख्रिस्ती आणि मुसलमान कुटुंबं शेजारी शेजारी राहत. देवळं होती, कपेल (ख्रिस्ती लोकांचं छोटं प्रार्थनामंदिर) होतं, मशीद होती. गोवा मुक्त झाल्यावर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः गावात आले आणि धरण का हवं ते त्यांनी लोकांना सांगितलं, ही आठवण जुने कुर्डीकर आजही सांगतात. गाव बुडेल, पण सगळ्या गोव्याचं भलं होईल, असा त्याचा आशय. लोकांनी ते मानलं. सुमारे 600 कुटुंबं, 3000 च्या आसपास माणसं, वालकिणी आणि वाडे इथल्या नव्या वसाहतींत गेली. 1986 साली पाणी चढलं.

त्या काळात सरकारने एक काम फार चांगलं केलं, आणि त्याचं श्रेय दिल्याशिवाय पुढचं बोलणं बरोबर होणार नाही. कुर्डीतलं महादेवाचं प्राचीन देऊळ बुडू दिलं नाही. दगड दगड सुटा करून ते सुमारे 17 किलोमीटरवर, धरणाजवळ आणलं आणि पुन्हा जसंच्या तसं उभं केलं. ते आजही तिथे जाऊन पाहता येतं. नदीच्या पात्रालगत जांभ्या दगडात कोरलेली मातृदेवतेची फार जुनी, प्रचंड आकृती होती. तिचे तुकडे करून तीही हलवली आणि वेर्णे इथे बसवली. ज्यांनी हे केलं त्यांनी प्रत्येक दगड कुठे होता, कशावर होता, कशाला टेकला होता याची नीट नोंद ठेवली असणार. नाहीतर देऊळ पुन्हा उभंच राहिलं नसतं.

माणसांच्या घरांची अशी नोंद झाली का? झाली. आणि माझी सगळी मागणी त्या नोंदीपाशी येऊन थांबते.

गेल्या मे महिन्यात मी कुर्डीला गेलो होतो. देवळापासून थोड्या अंतरावर, सुकून तडे गेलेल्या चिखलात, दोन वयस्कर गृहस्थ उभे होते. एक वालकिणीचे, दुसरे वाड्याचे. दोघांचा वाद चालला होता. एक म्हणत होते, मेर त्या खुंटाच्या अलीकडून जात होती. दुसरे मान हलवत म्हणाले, "न्ही रे, मेर हांगा आशिल्ली. तो पणस आमचो." फणसाचं झाड नव्हतंच. मेरही गाळाने बुजून गेली होती. आजूबाजूला पोरंसोरं, सुना, जावई उभे होते. त्यांच्यातल्या कोणीही ते गाव नांदतं पाहिलेलं नव्हतं, पण सगळे कान देऊन ऐकत होते. पहिले गृहस्थ मग पाटाच्या कडेने चालत गेले, विहिरीपाशी थांबले, तिथून पावलं मोजत परत आले आणि म्हणाले, आता सांग. दुसऱ्यांनी ते मानलं नाही. वाद तसाच राहिला आणि दोघं एकाच गाडीतून घरी गेले.

मला तो वाद फार महत्त्वाचा वाटला. त्या जमिनीवर आज कोणाचाच हक्क नाही, ती सरकारची आहे. तरी मेर कुठे होती ते बरोबर सांगितलं गेलं पाहिजे, असं त्या दोघांना मनापासून वाटत होतं. आणि त्या वादाचा निकाल देऊ शकेल असा कागद सरकारदरबारी तयार झालेला आहे.

आपल्या खात्यांना हे सांगायला नको, पण वाचकांसाठी लिहितो. धरणासाठी जमीन घेतली जाई तेव्हा 1894 चा भूसंपादन कायदा लागू होता. त्या कायद्यानुसार घ्यायच्या जमिनीची आखणी आणि मोजणी करून नकाशा काढावा लागे. ज्यांचा ज्यांचा हितसंबंध असेल त्यांना नोटीस द्यावी लागे. मग भूसंपादन अधिकारी निवाडा देत. निवाड्यात जमिनीचं खरं क्षेत्र, भरपाई आणि ती कोणाकोणात कशी वाटायची हे लिहिलेलं असे. भरपाई ठरवायची म्हणजे जमिनीवर काय काय आहे ते मोजणं आलंच. घर किती लांबरुंद, भिंत मातीची की चिऱ्याची, छप्पर नळ्यांचं की गवताचं. विहीर बांधीव आहे का. माड किती, पोफळी किती, फळ धरणारे किती आणि रोपं किती. याच सुमारास, 1970 च्या दशकात, गोव्यात जमिनीची नवी मोजणी झाली आणि सर्व्हे नकाशे व जमिनीच्या हक्काची नोंद सांगणारे एक-चौदाचे उतारे तयार झाले.

थोडक्यात, गोव्यातल्या फार थोड्या गावांचं इतकं बारीक वर्णन कधी लिहिलं गेलं असेल. ज्या कागदांनी गाव घेतलं त्याच कागदांत ते गाव घरागणिक, झाडागणिक उतरलेलं आहे.

या दप्तराचं मोल आणखी एका कारणाने मोठं आहे. कुर्डी उठली तो काळ गोव्यातल्या जमिनीच्या उलथापालथीचा होता. 1964 साली कूळ कायदा आला. 1975 साली मुंडकार कायदा आला. 1976 च्या दुरुस्तीने कूळ कसत्या जमिनीचं मालक मानलं जाऊ लागलं. पिढ्यान्‌पिढ्या भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत घर बांधून राहिलेला मुंडकार, दुसऱ्याचं शेत कसणारं कूळ, देवस्थानची जमीन सांभाळणारा सेवेकरी, अशा सगळ्यांची नावं त्याच सुमारास पहिल्यांदा सरकारी कागदावर हक्कदार म्हणून यायला लागली होती. इतर गावांत त्या नावांपुढे जमीन राहिली. कुर्डीत जमीन पाण्यात गेली. ज्या घराण्याकडे आधीपासून पोर्तुगीज काळातले दस्तऐवज होते त्यांनी ते पेटीत घालून नेले. ज्यांच्याकडे कधीच काही लिहिलेलं नव्हतं त्यांच्या पूर्वजांचं गावातलं नाव बहुधा एकाच ठिकाणी सापडेल, भूसंपादनाच्या निवाड्यात. एखाद्या मुंडकाराच्या नातवाला आपल्या आजोबांचं घर किती हातांचं होतं हे कळायचं असेल, तर त्याला दुसरा आधार नाही.

कुर्डीतलं एक घर मात्र सगळ्यांना ठाऊक आहे. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचं. 1904 साली त्या या गावात जन्मल्या. आई त्यांना लहानपणीच संगीत नाटक मंडळीत घेऊन गेली, पुढे सांगलीत अल्लादिया खाँसाहेबांनी त्यांचं गाणं ऐकलं आणि जयपूर-अत्रौली घराण्याला एक थोर गायिका मिळाली. 1974 साली त्यांना पद्मभूषण मिळालं. किशोरीताई आमोणकर त्यांच्या कन्या आणि शिष्या. पुण्या-मुंबईच्या रसिकांना कुर्डी हे नाव माहीत झालं ते त्यांच्या आडनावातून, आणि महाराष्ट्रातून आलेले कितीतरी लोक तिथे पोचल्यावर पहिल्यांदा त्यांच्या घराची जागा विचारतात. मला त्यात आनंदच आहे. मी स्वतः तिथे बराच वेळ थांबलो होतो. पण ते एक जोतं दाखवलं की गाव दाखवून झालं असं होतं. बाकीच्या घरांकडे कोणी वळत नाही, कारण त्यांच्याबद्दल सांगायला तिथे कोणाच्या हातात काही नसतं. गावचा माणूस बरोबर असला तरच कळतं की हे सुताराचं घर, इथे बाजार, इथून कपेलाची वाट. एरवी ते नुसते चिऱ्यांचे ढीग.

पर्यटन खात्याला म्हणून एवढंच सांगतो. कुर्डीला लोकांनी जावं. दक्षिण गोव्यातल्या प्रत्येक नळधारकाने एकदा तरी जावं असं माझं मत आहे. पण उघड्या पात्रात गाड्या घालणं थांबवा. चाकांनी मेरा मोडतात, जोत्यांचे कोपरे निखळतात, आणि वरून सुकलेला दिसणारा गाळ आत ओला असतो, त्यात माणूसही रुततो. मे महिन्यात कुर्डीकर सोमेश्वराच्या उत्सवासाठी येतात, ख्रिस्ती बांधव कपेलाच्या जागी प्रार्थनेला जमतात. त्या दिवशी ड्रोन उडवणारे आणि लग्नाआधीचे फोटो काढणारे देवळाच्या दारात नकोत. तंबू, खाण्याचे गाळे, रोषणाई यांचा विचार कोणाच्या मनात असेल तर आधी वालकिणी आणि वाडे इथे बैठक घ्या आणि तिथले लोक काय म्हणतात ते ऐका. त्यांनी हो म्हटलं तर आनंद आहे. नाही म्हटलं तर तो विषय संपला.

या वसाहतींविषयी एक गोष्ट लिहिताना मला जड जातं. उन्हाळ्यात वाड्याच्या विहिरी आटतात आणि लोकांना टँकरची वाट पाहावी लागते, हे 2019 साली परदेशी वृत्तसंस्थेच्या बातमीतून जगभर वाचलं गेलं. ज्यांच्या घरांवर साठलेलं पाणी मडगावात आणि वास्कोत चोवीस तास पोचावं म्हणून आपण धडपडतो, त्यांनी मे महिन्यात घागरी घेऊन उभं राहू नये. जलस्रोत खात्याने ही गोष्ट दर उन्हाळ्याआधी स्वतः जाऊन पाहावी. आधी त्यांच्या नळाला पाणी, मग आमच्या. सासष्टीतला एकही समजदार माणूस याला आक्षेप घेणार नाही.

धरणाखाली गेलेल्या गावांच्या बाबतीत आपण कोकणात आणि घाटावर नवखे नाही. 1921 साली मुळशीच्या शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, सेनापती बापटांनी त्यासाठी तुरुंगवास भोगला. कोयनेच्या शिवसागराखाली गावं गेली आणि त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न पिढ्या उलटल्या तरी मिटलेले नाहीत. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं आणि बघ्यांची रीघ लागते. आपल्या शेजारी तिळारीला दोन राज्यांनी मिळून धरण बांधलं, त्यासाठी दोडामार्गातली गावं उठली. या सगळ्या ठिकाणी गेलेल्या गावाची आठवण देवळाच्या शिखरापुरती उरते, कारण दिसतं तेवढंच. गावाच्या याद्या, नकाशे, पंचनामे कुठल्या तरी तालुक्याच्या कचेरीत राहतात. कुर्डीच्या बाबतीत गोवा वेगळं काही करू शकतं. गाव एक, धरण एक, वसाहती दोन, आणि अख्खं राज्य एका दिवसात पालथं घालता येईल एवढं. इतकं आवाक्यातलं काम दुसरीकडे क्वचितच मिळेल.

पुराभिलेख खात्याकडे पाहून मला विशेष आशा वाटते. गोव्याचं दप्तरखानं 1595 सालचं आहे. चारशेहून अधिक वर्षांचे कागद ज्यांनी सांभाळले, पोर्तुगीज आणि मोडी दोन्ही वाचणारी माणसं ज्यांच्याकडे तयार झाली, त्यांना पन्नास वर्षांपूर्वीच्या टंकलिखित फायली सांभाळणं अवघड नाही. पण सांभाळायच्या तर त्या आधी एका जागी आल्या पाहिजेत. भूसंपादनाचे निवाडे महसूल कचेरीत, सर्व्हे नकाशे भूमापन खात्यात, पुनर्वसनाचे वाटप कागद आणखी कुठे, धरणाच्या रेखाचित्रांबरोबरचे गावाचे आराखडे जलस्रोत खात्यात, देऊळ हलवतानाचे फोटो आणि आलेख पुरातत्त्वाकडे, असे ते साहजिकच विखुरलेले असणार. गोव्याच्या पावसाळ्यात कपाटातल्या कागदाचं काय होतं ते आपण सगळे जाणतो. बुरशी आणि वाळवी कोणासाठी थांबत नाही.

माझी मागणी अशी. कुर्डीसंबंधीचं सगळं दप्तर पुराभिलेख खात्याने एकत्र मागवून घ्यावं, स्कॅन करावं आणि त्याच्या छापील प्रती वालकिणी आणि वाडे इथे, लोकांना हात लावून पाहता येतील अशा ठेवाव्यात. प्रत्येक कुटुंबाला आपापल्या घराची, जमिनीची पानं विनामूल्य मिळावीत. माहिती अधिकार कायद्याचं चौथं कलम खात्यांना स्वतःहून माहिती खुली करायला सांगतं, तेव्हा त्यासाठी कोणा म्हाताऱ्या माणसाला अर्ज घेऊन सांग्याला आणि तिथून पणजीला हेलपाटे घालायला लावू नयेत. कोणाला किती रुपये मिळाले हे जाहीर करण्याचं कारण नाही. ते आकडे त्या त्या कुटुंबाकडे जावेत, पुढे काय करायचं ते ती कुटुंबं ठरवतील. घरं, विहिरी, पाट, मेरा, वाटा, देवळं, कपेल, मशीद, दफनभूमी, बाजार यांचा मात्र वाडावार नकाशा सगळ्यांसाठी खुला असावा.

नकाशावर नावं घालायचं काम कचेरीत होणार नाही. सर्व्हे क्रमांकाला लोक काय म्हणत ते फक्त त्यांनाच माहीत आहे. घर सोडताना जे पंचवीस-तिशीत होते ते आज सत्तरीच्या पुढे गेले आहेत. मे महिन्याच्या उन्हात त्या गाळातून चालणं त्यांना दर वर्षी जास्त कठीण होत जाणार. गोवा विद्यापीठाच्या इतिहास आणि कोकणी विभागातल्या विद्यार्थ्यांना या कामात घ्यावं, कुर्डीकरांनी निवडलेली समिती वर असावी, आणि जे लोक चालू शकत नाहीत त्यांचं बोलणं त्यांच्या घरी जाऊन ध्वनिमुद्रित करावं. कोणत्याही तळीवर, देवळावर, रस्त्याच्या तोंडाशी फलक लावायचा असेल तर त्यावरचा मजकूर त्या समितीला दाखवल्याशिवाय लावू नये. हे दप्तर हाती असलं की वसाहतींतल्या जमिनींच्या मालकीबद्दलचे जे प्रश्न लोक अजून विचारतात त्यांनाही काही आधार मिळेल.

फायली गोळा करायला आणि स्कॅन करायला ऑक्टोबर ते मार्च हे सहा महिने पुरेसे आहेत. त्यानंतर मे महिन्यात पाणी उतरेल तेव्हा भूमापन खात्याचा एक मोजणीदार जुना सर्व्हे नकाशा आणि जीपीएस यंत्र घेऊन चार-पाच दिवस कुर्डीत हवा. मेरांच्या वादाचा निवाडा तिथे उभं राहून करता येईल. कागद उलगडायला, प्रती काढायला, याद्या करायला हात कमी पडत असतील तर कळवा. मडगावातून आम्ही काही जण विनामोबदला येऊ, आणि त्यात मी असेन.

उत्तराच्या प्रतीक्षेत,

आपला,
मडगावचा एक रहिवासी